तळणीच्या तेलाचा हिशेब

दिवाळी उलटून आठवडा झाला की आमच्या दादरच्या इमारतीत चोकअप काढणारा माणूस येत असे. एखाद्या वर्षी भाऊबीज चुकेल, पण त्याची फेरी चुकत नसे. स्वयंपाकघरांच्या मोऱ्यांचे पाणी उतरवणारा नळ पहिल्या मजल्याच्या वळणावर तुंबे, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या मोरीतून फेसाळ पाणी वर येई आणि कुणी कुणाला नावे ठेवावीत यावर जिन्यात थोडा वाद होई. 2018 सालच्या दिवाळीनंतर त्याने पोलादी पट्टी फिरवून ओढून काढलेला गोळा मी पहिल्यांदा नीट पाहिला. तो मळकट पांढरा, मेणचट आणि नखाने ओरखडला तर भुगा होणारा होता. बाकीच्यांनी नाकाला पदर लावले. मी मात्र त्यातला सुपारीएवढा तुकडा कागदात गुंडाळून घरी आणला, कारण कनिष्ठ महाविद्यालयात 30 वर्षे रसायनशास्त्र शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या मला तो ओळखू आला होता. तो साबण होता. चकल्या-करंज्यांच्या तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतले जाते, त्यातून सुटलेली स्निग्धाम्ले (फॅटी ॲसिड) पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळतात आणि फेस न देणारा, पाण्यात न विरघळणारा एक निरुपयोगी साबण नळाच्या आतल्या बाजूला थर धरत जातो.

माझ्या आईच्या घरी तळणीचे तेल मोरीत जात नसे. ते गाळून पितळी बरणीत ठेवले जाई, पुढचे दहा-बारा दिवस आमटीच्या फोडणीला पडे आणि तळाशी उरलेले शेवटचे काळे वाटीभर तेल दाराच्या बिजागरीला, पाटा-वरवंट्याशेजारच्या विळीच्या खिळ्याला आणि शिवणयंत्राच्या पायट्याला लागे. देवापुढच्या निरांजनात मात्र ते कधी घातले गेले नाही. उष्टे तेल देवाला चालत नाही, असे ती म्हणे. त्या काळी महिन्याचे तेल मोजके येई, म्हणून ते संपवणे जमत असे. आता एकेका घरात पाच-पाच लिटरचे कॅन येतात आणि डॉक्टरांनी तळलेले तेल पुन्हा वापरू नका असे बजावलेले असते. त्यामुळे ते टाकायचे हे ठरलेले असते, पण कुठे टाकायचे हे कुणी सांगितलेले नसते.

त्याच वर्षी 10 ऑगस्टला, म्हणजे जागतिक जैवइंधन दिनी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्यापासून बायोडिझेल बनवण्याची ‘रुको’ ही मोहीम जाहीर केली होती. तिची बातमी मी वाचली होती. (1893 साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले, असे दर वर्षी कुठे ना कुठे छापून येते. शेंगदाण्याच्या तेलावरचे ते प्रात्यक्षिक खरे तर 1900 सालच्या पॅरिस प्रदर्शनातले आहे. शिक्षकाची खोड, चुकीवर लाल शाई फिरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.) त्या बातमीने माझ्या मनात एवढेच आले की, हे तर बारावीच्या पुस्तकापासून दोन पावलांवर आहे, मग आपल्याला का करता येऊ नये?

तेलाचा एक रेणू म्हणजे ग्लिसरिनच्या एका काठीला टांगलेल्या स्निग्धाम्लांच्या तीन लांब माळा. या थोराड रेणूमुळेच तेल डिझेलपेक्षा कितीतरी पट घट्ट असते आणि इंजिनाच्या बारीक छिद्रातून त्याचा नीट फवारा होत नाही. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा यांच्या मदतीने त्या तीनही माळा ग्लिसरिनपासून सोडवून एकेका मिथेनॉलला बांधल्या की पातळ, डिझेलसारखा वाहणारा द्रव मिळतो आणि मोकळे झालेले ग्लिसरिन जड असल्याने तळाशी बसते. ही क्रिया नवी नाही. बेल्जियममध्ये 1937 साली पामतेलापासून असे इंधन करण्याचे पेटंट घेतले गेले आणि पुढच्याच वर्षी ब्रसेल्स ते लूव्हेन या मार्गावर त्यावर एक प्रवासी बस धावली. तिथे मिथेनॉलऐवजी इथेनॉल वापरले होते, पण तेल पामचेच, म्हणजे आज आपल्या नाक्यानाक्यावरच्या कढईत असते तेच.

अडचण होती ती जागेची आणि मिथेनॉलची. मिथेनॉल हे विष आहे. ते पोटात गेले तर दृष्टी जाते आणि जीवही जातो. 2015 च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, ती याच मिथेनॉलने. त्याच्या खरेदीवर आणि साठ्यावर कायद्याची बंधने आहेत आणि ती असायलाच हवीत. शिवाय ते पेटले तर ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. गॅसची शेगडी असलेल्या स्वयंपाकघरात हा उद्योग करणे म्हणजे साऱ्या इमारतीच्या जिवाशी खेळ झाला असता. सुदैवाने माझ्या धाकट्या दिरांचा भांडुपला एका औद्योगिक वसाहतीत जनरेटर दुरुस्तीचा गाळा आहे आणि त्याला लागूनच व्हार्निश बनवणाऱ्या एका गृहस्थांचा गाळा आहे. त्यांच्याकडे द्रावकांचा रीतसर परवाना आहे. मोजून दोन लिटर मिथेनॉल, तेही त्यांच्याच गाळ्यात, त्यांच्याच देखरेखीखाली आणि विजेच्या बंदिस्त हीटरवर वापरायचे, असे ठरले. दिरांनी फक्त एक प्रश्न विचारला, “वहिनी, याने आपले इंजिन चालेल की आपल्यालाच पळावे लागेल?”

पहिला घाणा मी जुलैत घातला आणि तिथेच चुकले.

भांडुप स्टेशनजवळच्या एका मालवणी खानावळीचे दहा लिटर तेल मिळाले होते, बोंबील आणि सुरमई तळलेले, तळाशी रव्याचा काळा चिखल बसलेले. ते वस्त्रगाळ केले आणि दिसायला स्वच्छ झाल्यावर मला ते स्वच्छच वाटले. कॉस्टिकचे दाणे तोलायला घेतले तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता. साबुदाण्यासारखे कोरडे, पांढरे दाणे तराजूच्या काचेवर पडल्यापडल्या चकाकू लागले आणि दोन मिनिटांत एकमेकांना चिकटले. ते हवेतले पाणी पीत होते. म्हणजे मी कॉस्टिकबरोबर मुंबईचा पावसाळाही तोलत होते. हे मला कळत नव्हते असे नाही. वर्गात या गुणधर्मावर मी दर वर्षी दोन गुणांचा प्रश्न घालत असे. तरीही तेल 55 अंशांपर्यंत तापवले, कॉस्टिक विरघळवलेले मिथेनॉल त्यात ओतले आणि तासभर घुसळत राहिले. सकाळी गाळ्यात गेलो तेव्हा पिंपात वर सोनेरी इंधन आणि खाली काळसर ग्लिसरिन असे दोन थर दिसायला हवे होते. दिसले ते तपकिरी गरगट, पळी उभी राहील इतके घट्ट. दिरांनी बोटाने उचलून वास घेतला आणि म्हणाले, “वहिनी, शिरा झालाय.”

तो शिरा नव्हता, साबण होता. आमच्या नळातून निघाला त्याचाच सख्खा भाऊ, फक्त कॅल्शियमऐवजी सोडियमचा. 30 वर्षे ज्या बाईने मुलांकडून प्रयोगशाळेत मुद्दाम साबण करून घेतला, तिच्या हातून तो नको तेव्हा, नको तितका झाला होता. एक कबुली द्यायला हवी: त्या गरगटाने दिरांच्या कामगारांचे ग्रीसने माखलेले हात पुढचे तीन महिने उत्तम धुतले गेले.

चूक कुठे झाली हे शोधताना मला तेलाची खरी ओळख पटली. मासा असो, वडा असो की कांद्याची भजी, कढईत पडणारा प्रत्येक पदार्थ आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो. तळताना जे बुडबुडे येतात ते त्या पाण्याच्या वाफेचे. 170-180 अंशांच्या तेलात ही वाफ नुसती निघून जात नाही. जाता जाता ती तेलाच्या रेणूवर घाव घालते आणि एखादी माळ काठीवरून सुटून पडते. सुटलेली माळ म्हणजे मुक्त स्निग्धाम्ल. जितके तळण जास्त, जितका पदार्थ ओला, जितका वेळ कढई आचेवर, तितकी अशी सुटी आम्ले जास्त. कॉस्टिक टाकला की तो आपले ठरलेले काम सोडून आधी या सुट्या आम्लांशी संसार थाटतो, आणि त्यातून साबण होतो. त्यात तेलात पाणी राहिलेले असेल तर विचारायलाच नको.

म्हणून कुठलेही जुने तेल घेतले की आधी त्याला विचारावे लागते की, बाबा, तुझ्यात किती आम्ले सुटली आहेत? विचारण्याची रीत सोपी आहे. 1 मिलिलिटर तेल 10 मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, 1 लिटर शुद्ध पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक असे द्रावण करून ते ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, थेंबथेंब सोडायचे आणि रंग कधी पालटतो ते पाहायचे. जितके मिलिलिटर लागतील, तितके ग्रॅम कॉस्टिक दर लिटर तेलामागे नेहमीच्या साडेतीन ग्रॅमहून जास्त घालायचे. रंगासाठी प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलिन वापरतात आणि माझ्याकडे त्याची बाटलीही आहे, पण मी सवयीने हळद वापरू लागले. अल्कोहोलमध्ये चिमूटभर हळद घालून गाळली की पिवळाजर्द अर्क मिळतो आणि आम्ले संपून द्रावण अल्कधर्मी झाले की तो लाल होतो. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात तेही याच गुणाने. शेवटच्या थेंबाला पिवळ्यात एक तांबडी रेघ उमटते, हलवली की विरते, पुन्हा उमटते आणि मग एका थेंबाला सगळी चंचुपात्रभर लाली पसरून तशीच राहते. इतकी वर्षे शेकडो वेळा ही मोजणी, म्हणजे अनुमापन, करूनही त्या थेंबाशी माझा श्वास अजून अडकतो.

मालवणी खानावळीच्या उरलेल्या तेलाचे अनुमापन केले तेव्हा आकडा आला 5.5. आमच्या घरच्या चकलीच्या तेलाचा आला 0.5. स्टेशनबाहेरच्या वडेवाल्याचे तेल 2.5 च्या आसपास येते, आणि एका फरसाणवाल्याचे, ज्याच्याकडे मला सर्वांत वाईट तेलाची अपेक्षा होती, ते जेमतेम 1. त्याच्या कढईत दिवसभर नवे तेल पडत असते आणि शेव-गाठ्यांत पाणी ते किती असणार?

दुसरा घाणा मी दसरा उलटून हवा कोरडी झाल्यावर घातला. वड्याचे दहा लिटर तेल आधी 110 अंशांपर्यंत तापवून त्यातले पाणी उडवले. पाणी उरले आहे की नाही हे पाहायला महागडे उपकरण लागत नाही. चमचाभर तेल तापल्या तव्यावर टाकावे, तडतडले तर पाणी आहे, निमूटपणे पसरले तर नाही. हे कुठल्याही गृहिणीला माहीत असते. मग तेल 55 अंशांवर उतरवले, कारण 64.7 अंशांना मिथेनॉल उकळू लागते. 60 ग्रॅम कॉस्टिक, झाकण घट्ट असलेल्या कोरड्या डब्यातला, झटपट तोलून 2 लिटर मिथेनॉलमध्ये विरघळवला. (ॲल्युमिनियमचे पातेले इथे चुकूनही वापरू नये, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सोडतो.) हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी आणि शेजारी पाण्याची बादली. घुसळायला लागल्यावर दहा मिनिटांत तेलाचा आवाजच बदलला, जड डचमळ जाऊन पातळ खळखळ आली. रात्रभर स्थिर ठेवले. सकाळी काचेच्या नमुन्याच्या बरणीत तळाशी काकवीच्या रंगाचा दोनेक बोटांचा थर आणि त्यावर बिनदुधाच्या चहासारखे, पलीकडचे दिसणारे इंधन होते. दिर बरणी उजेडात धरून बराच वेळ उभे होते. काही बोलले नाहीत.

यानंतरची गंमत अशी की, ज्या पाण्याला बाहेर काढण्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच आता सन्मानाने आत बोलवावे लागते. तयार इंधनात थोडा साबण, थोडे मिथेनॉल आणि कॉस्टिक उरलेले असते. ते धुऊन काढायला त्यावर पाण्याची हलकी फवारणी करतात. पहिले पाणी तांदळाच्या धुवणासारखे पांढरे उतरते, दुसरे ताकाच्या निवळीसारखे आणि चौथे-पाचवे जवळजवळ स्वच्छ. घाई करून जोरात घुसळले तर साबणाच्या मध्यस्थीने तेल-पाणी असे काही एकजीव होतात की दोन दिवस वेगळे होत नाहीत. मग ते धुतलेले इंधन पुन्हा तापवून, उन्हात ठेवून वाळवायचे. बरणीच्या मागे वर्तमानपत्र धरून बारीक टाइप वाचता आला की ते वाळले, ही आमची कसोटी. क्रिया पुरी झाली का, हे पाहायला 27 मिलिलिटर मिथेनॉलमध्ये 3 मिलिलिटर इंधन घालून हलवतात. तळाशी तेलाचा थेंब उतरला नाही तर पास. तो घाणा पास झाला.

गाळ्याच्या मागे वाईकडच्या आमच्या विहिरीवरचे एक सिलिंडरचे जुने डिझेल इंजिन आहे. विहिरीला विजेची मोटर बसल्यावर सासऱ्यांनी ते भंगारात द्यायचे नाकारले म्हणून दिरांनी मुंबईला आणले. त्याच्यावर प्रयोग करायचा ठरला. आधी अर्धे डिझेल, अर्धे आमचे. हँडल मारल्यावर ते दोन वेळा खोकले आणि मग त्याचा तो शेतावरचा पुक-पुक ठेका सुरू झाला. धुराला भज्यांचा वास येतो असे लोक कौतुकाने सांगतात. मला तो गाडा बंद झाल्यानंतरच्या थंड कढईसारखा आला, म्हणजे फारसा हवाहवासा नाही. धूर मात्र डोळ्यांना कमी झोंबत होता. चौथ्या तासाला इंजिन गुदमरून बंद पडले. इंधनात दोष असणार अशी माझी खात्री होती, पण दिरांनी फिल्टर उघडला तर आत डांबरासारखा गाळ. बायोडिझेल चांगले विद्रावक असल्याने त्याने टाकीत वीस वर्षे बसलेला डिझेलचा कीट सोडवून आणला होता. पुढे रबराची जुनी नळीही फुगली आणि बदलावी लागली. आजच्या बीएस-6 गाड्यांच्या टाकीत घरचे इंधन घालण्याचा मोह मात्र कुणी धरू नये. त्यांची धूर गाळण्याची यंत्रणा फार नाजूक असते.

गणपतीत मंडपांना जनरेटर भाड्याने देणाऱ्या दिरांच्या एका ओळखीच्यांनी विचारले, “मॅडम, लिटरला काय भाव लावाल?” मी नाही म्हटले. विकायचे तर आयएस 15607 या मानकाच्या कसोट्या आणि सरकारी परवानग्या लागतात. आमच्या कसोट्या म्हणजे वर्तमानपत्र आणि तवा. शिवाय पैशांचा हिशेब मांडला तर मिथेनॉल, वीज आणि भांडुपच्या खेपा धरून हे इंधन पंपावरच्या डिझेलपेक्षा स्वस्त पडत नाही. छंद म्हणून मी तो हिशेब मांडत नाही, आणि दिर सौजन्याने विचारत नाहीत.

एका जानेवारीत दिरांनी अर्धा कॅन हौसेने वाईला नेला. पहाटे फोन आला, “वहिनी, याचे तूप झाले.” आपल्याकडच्या तळणीत पामतेल मुबलक आणि त्याच्यापासूनचे इंधन 13-15 अंशांच्या आसपास गढुळते, मग दाट होते. मुंबईच्या थंडीत त्याला तशी वेळ क्वचितच येते. दहा वाजता अंगणात ऊन आल्यावर ते आपोआप वितळले.

वडेवाल्याशी माझे संबंध चांगले आहेत, पण ते आकड्यांमुळे थोडे अवघड झाले. तेलातले ध्रुवीय घटक, म्हणजे तळून तळून तेल मोडल्याने तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांवर गेले की ते खाण्यासाठी वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. माझे अनुमापन ते घटक मोजत नाही. त्याला वेगळे यंत्र लागते. तरी दोन्ही आकडे एकाच वाटेने चढतात. त्याला मी एकदा सुचवून पाहिले की, तेल थोडे आधी बदलावे. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला तीन दिवसांचं तेल देतो, तर तुम्ही म्हणता दोन दिवसांचं द्या. पंधरा किलोचा डबा काय भावाला येतो ते ठाऊक आहे ना?” काळे तेल गोळा करणारे त्याच्याकडेही येतात आणि ते कुठे जाते हे तो विचारत नाही, त्यातले काही आणखी गरीब गाड्यांवरच्या कढईत परत जाते, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. निदान त्याचा डबा माझ्याकडे आला की पुन्हा कढईत जात नाही. मी त्याच्याकडचा वडा अजून खाते. एका दुसऱ्या ठिकाणचे खाणे मात्र मी सोडले आहे. ते कोणते, हे दिरांनाही सांगितलेले नाही.

जून ते सप्टेंबर मी उद्योग बंद ठेवते. कोळी 1 जून ते 31 जुलै मासेमारी थांबवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पून होड्या पाण्यात लोटतात. माझा मोसम त्याहून उशिरा, ऑक्टोबरची हवा कॉस्टिकच्या दाण्यांना चकाकू देत नाही तेव्हा सुरू होतो. मग दिवाळी येते आणि इमारतीतल्या बायका आपणहून तेल आणून देतात. मी प्रत्येकीला डब्यावर चिठ्ठी लावायला सांगितले आहे: काय तळले आणि किती वेळा. ‘शंकरपाळी, एकदा.’ ‘चकली, दोनदा.’ ‘अनारसे, तूप मिसळले आहे, चालेल का?’ चालते. दिर टेम्पोतून ते सगळे भांडुपला नेतात आणि नळाचा चोकअप गेल्या दोन दिवाळ्यांत झालेला नाही, यामुळे तो पट्टीवाला माझ्यावर नाराज आहे.

गेल्या वर्षी एका डब्यावर सुबक अक्षरात ‘करंजी, एकदाच’ असे लिहिलेले होते. तेलाचा रंग जरा गडद होता, पण करंजीच्या सारणाचा गूळ फुटला तर तसे होते. मी नेहमीप्रमाणे नमुना घेतला, हळदीचा अर्क घातला आणि ब्युरेट उघडली. 1 झाले, 2 झाले, पिवळे हलेना. 3 ला क्षणभर तांबडी रेघ आली आणि विरली. लाली ठरली ती 4.2 वर. एकदा तळलेल्या करंजीचे तेल 4.2 पर्यंत जात नाही. हे निदान महिनाभराचे तळण होते, त्यात मासेही असावेत, आणि ज्या घरातून तो डबा आला त्या घरी डॉक्टरांच्या सांगण्यावरून तळण बंद आहे, असे जिन्यात वर्षभर सांगितले जात होते.

मी ती चिठ्ठी काढली नाही. तिच्याखाली पेन्सिलीने 4.2 एवढेच लिहिले आणि डबा मालवणी खानावळीच्या डब्यांशेजारी ठेवला.